होल्बर्गचा टोप आणि आनंदीबाईंची साकी

जुलैतल्या एका रविवारी आमच्या वाद्यवृंदातल्या अकरावीच्या एका मुलीनं माझ्या स्टँडवर बावीस पानांचा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकत्र स्वरलेखन, आणून ठेवला. वर ठळक अक्षरांत नाव होतं ‘आनंदी’. खाली बारीक अक्षरांत ‘तंतुवाद्यवृंदासाठी’. म्यूझस्कोर ह्या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरवर महिनाभर बसून तिनं आनंदीबाई जोशींचं अख्खं आयुष्य साडेसहा मिनिटांत बसवलं होतं. अकरा तुकडे आणि प्रत्येकावर पाटी: बालपण, लग्न, बाळ, पाटी-पेन्सिल, बोट, समुद्र, बर्फ, पदवी, क्षय, पुणे, अस्थी.

आम्ही ते लगेच वाजवून पाहिलं. आमचा वृंद एकवीस जणांचा: तेरा व्हायोलिन, तीन व्हिओला, पाच चेलो. डबल बास नाही. परवडत नाही आणि शिकवणाराही हाताशी नाही. रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये जमतो. पंखा लावला की पार्ट (ज्याच्या त्याच्या वाद्याचे कागद) उडतात म्हणून प्रत्येकाच्या स्टँडला कपडे वाळत घालायचे चिमटे असतात, आणि पंखा बंद केला की पावसाळ्यात बोटं तारांना चिकटतात. अशा वातावरणात ‘बोट’ सुटली, ‘समुद्र’ खवळला, आणि ‘बर्फ’ सुरू झाल्यावर एका चेलोवाल्यानं वाजवायचं थांबवून विचारलं, “सर, हा बर्फ आहे का क्षय?” प्रश्न खोडसाळ नव्हता. दोन्हीकडं व्हायोलिनांना तोच वरच्या पट्टीतला ट्रेमोलो, म्हणजे थरथरता सूर, होता. ‘पदवी’च्या जागी ढोल-ताशे नसल्यानं सगळ्यांनी एकदम जोरात वाजवायचं होतं, आणि ‘अस्थी’ला सगळ्यांनी हळू.

मुलीचा कान चांगला आहे. तुकड्यातुकड्यांत सुंदर जागाही होत्या. पण प्रत्येक सुरावट चारपाच बारांत (मात्रांच्या कप्प्यांत) आपलं काम उरकून निघून जात होती, कारण पुढचा प्रसंग दारात उभा होता. शिवाय व्हिओलांना बावीस पानांत लांब सुरांखेरीज काही नव्हतं. तिसऱ्या व्हिओलावाल्यानं तर आपल्या पार्टावर झोपलेल्या माणसाचं चित्र काढून ठेवलं.

काय बोलावं ते मला सुचेना. “छान आहे, थोडं कमी कर” असं म्हणणं सोपं होतं आणि निरुपयोगीही. कमी करून काय उरलं असतं? अकराऐवजी सहा पाट्या. त्या वर्षी डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी आम्ही नॉर्वेचा संगीतकार ग्रीग ह्याचा ‘होल्बर्ग सूट’ (सूट म्हणजे छोट्या भागांची माळ) बसवायला घेतला होता. मी तिला म्हटलं, “ह्या माणसापुढंही तुझ्यासारखाच पेच होता. त्यानं काय केलं ते आधी बघ. मग तुझ्या स्कोअरबद्दल बोलू.” हे थोडं वेळ काढणंच होतं. पण पुढचे पाच महिने जे घडलं ते ह्या एका वाक्यातून घडलं, म्हणून हे टिपण.

ग्रीगचा पेच असा. ३ डिसेंबर १८८४ रोजी लुद्विग होल्बर्गच्या जन्माला दोनशे वर्षं पूर्ण होत होती. होल्बर्ग नॉर्वेतल्या बर्गन शहरात जन्मला, ग्रीगही तिथलाच. गावानं पुतळा उभारायचं ठरवलं, आणि गावात जगभर नाव झालेला संगीतकार असताना त्याच्याकडं जाणं ओघानंच आलं. ग्रीग तेव्हा ४१ वर्षांचा होता. पियानो कंचेर्टो आणि ‘पेअर गिंट’चं संगीत मागं पडलं होतं. त्याच्याकडून पुतळ्याच्या अनावरणासाठी पुरुषांच्या वृंदगायनाचा एक कँटाटा हवा होता, तो त्यानं लिहिला. डिसेंबरात, बर्गनमध्ये, उघड्यावर! बर्गनचा पाऊस म्हणजे आपल्याकडच्या महाबळेश्वरासारखा, फक्त त्याला जून-जुलैचं बंधन नाही. एका मित्राला लिहिलेल्या पत्रात ग्रीगनं ह्या प्रसंगाची आधीच खिल्ली उडवून घेतली आहे: गाणाऱ्यांच्या उघड्या तोंडांत पाऊस जातोय, आणि आपण ओव्हरकोट, गलोश (बुटांवर चढवायचे रबरी जोडे), छत्री अशा थाटात कंडक्ट करतोय. तो कँटाटा आज फारसा कुणी गात नाही.

पण त्याच उन्हाळ्यात त्यानं आणखी एक गोष्ट लिहिली होती. ती पियानोवर वाजवायची पाच छोट्या भागांची माळ होती आणि तिचं नाव ‘होल्बर्गच्या काळातून’. खाली पोटशीर्षक, ‘जुन्या शैलीतला सूट’. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला त्यानं तीच तंतुवाद्यांसाठी नव्यानं लिहिली, आणि आज जगातल्या कुठल्याही विद्यार्थी-वाद्यवृंदाच्या कपाटात तिचे पार्ट सापडतात. मूळ लेखन मुलांसाठी नव्हतं. मुलांनी ते आपलंसं केलं.

आता होल्बर्ग कोण, हे मुलांना सांगणं भाग होतं. “हे सर कोण?” असं एका सहावीतल्या मुलानं विचारलंच. नाव ऐकून त्याला हा कुणी संगीतकार वाटला होता, आणि नाव ऐकलेल्या बऱ्याच मोठ्या माणसांनाही तसंच वाटतं. होल्बर्ग नाटककार होता. लहानपणीच आईबाप गेलेले, शिकायला कोपनहेगनला गेला आणि पुढचं आयुष्य तिथंच काढलं, कारण तेव्हा नॉर्वे आणि डेन्मार्क एकाच राजाखाली होते. म्हणून आजही दोन्ही देश त्याला आपला म्हणतात. गंमत अशी की १८८४ साली नॉर्वे स्वीडनच्या राजाखाली होता आणि बर्गनमधला हा पुतळा एका स्वीडिश शिल्पकारानं घडवला. माणूस एका राज्याचा, पुतळा दुसऱ्याचा.

१७२२ साली कोपनहेगनमध्ये डॅनिश भाषेतलं नाटकघर उघडलं. पहिला प्रयोग मोलियेरच्या भाषांतराचा होता, पण लगोलग होल्बर्गनं आपली नाटकं द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत पंचवीसहून अधिक प्रहसनं लिहून काढली. एकात एक कल्हईवाला-भांडीवाला आहे, त्याला चावडीवर बसून राज्य कसं चालवावं ह्याची अक्कल पाजळायची सवय. एकात दारुडा शेतकरी झोपेतून उठतो तो जहागीरदाराच्या पलंगावर. मुलांना सगळ्यांत आवडला तो एरास्मुस मोंतानुस. खेड्यातला रास्मुस बर्ग कोपनहेगनला शिकून लॅटिन नाव लावून घरी परततो आणि आईला तर्कशास्त्र शिकवतो: दगड उडत नाही, आई उडत नाही, म्हणून आई दगड. आई रडायला लागते तेव्हा तेच शास्त्र उलटं लावून तिला पुन्हा माणसात आणतो. पुढं पृथ्वी गोल आहे म्हटल्यावर गाव त्याच्या मागं लागतं. पुढचे दोन रविवार आमच्याकडं कुणी चुकलं की “हा सुरात नाही, दगड सुरात नसतो, म्हणून हा...” असं चाललं होतं. मी कानाडोळा केला.

एक गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवली होती. तरुणपणी होल्बर्ग इंग्लंडला गेला, दोनेक वर्षं ऑक्सफर्डला राहिला, आणि पोटापाण्यासाठी तिथं शिकवण्या केल्या. त्यात भाषांबरोबर बासरी आणि व्हायोलिनच्याही शिकवण्या होत्या. म्हणजे हा नाटककार माझ्या धंद्यातला. ग्रीगनं ह्या गोष्टीचा सुटात कुठंही उपयोग केलेला नाही. दुसऱ्या कुणाच्या हाती ती लागली असती तर ‘ऑक्सफर्डमधली शिकवणी’ नावाचा एक भाग नक्की झाला असता. आमच्या मुलीच्या स्कोअरमध्ये तर झालाच असता.

ग्रीगचा निर्णय इथं आहे. प्रहसनं लिहिणाऱ्या माणसावर पाच भाग लिहिले आणि त्यात एकही पात्र नाही, एकही प्रसंग नाही, दारुडा शेतकरी नाही, दगड झालेली आई नाही. त्यानं विचारलं इतकंच: हा माणूस जिवंत होता तेव्हा संगीत कसल्या साच्यांत वाजत होतं? बाख, हेंडेल आणि दोमेनिको स्कारलात्ती, तिघं १६८५चे. होल्बर्ग त्यांच्याहून काही महिन्यांनीच मोठा. त्या काळात नाचांच्या साच्यांत लिहिलेल्या भागांची माळ, म्हणजे सूट, हा नेहमीचा घाट होता. ग्रीगनं तेच उचललं: प्रेल्यूड, साराबांद, गावोत, एअर, रिगोदाँ. ‘आपण सध्या होल्बर्गसाठी केसांचा टोप घालून बसलोय’ अशी थट्टा त्याच्या पत्रव्यवहारात आहे. टोप होल्बर्गचा, डोकं ग्रीगचं.

त्याच द्विशताब्दीसाठी कोपनहेगनमध्ये नील्स गादेनं ‘होल्बर्गियाना’ नावाचा पूर्ण वाद्यवृंदाचा सूट लिहिला. गादे हा तेव्हाचा डेन्मार्कमधला बुजुर्ग, ग्रीगहून पंचवीसेक वर्षांनी मोठा. एकाच वाढदिवसाला दोन शहरांनी दोन सूट दिले. त्यातला आज सगळीकडं वाजतो तो कुठला, हे सांगायला नको.

ह्यानंतर मुलीनं मला विचारलं, “पण सर, मग ते होल्बर्गवर आहे कशावरून? नाव काढलं तर कुणाला कळेल?” मी म्हटलं, नाही कळणार. तिला ते पटलं नाही. मलाही त्या दिवशी ह्याहून चांगलं उत्तर देता आलं नाही.

ऑगस्टभर आम्ही प्रेल्यूडशी झुंजत होतो. ज्यांनी हा भाग वाजवलाय त्यांना माहीत आहे: सुरुवातीपासून घोड्याच्या टापांसारखी एक लय धरायची असते, एक लांब आणि दोन आखूड, एक लांब आणि दोन आखूड. पियानोच्या मूळ लेखनात तिथं अखंड धावणारे सारख्या लांबीचे सूर आहेत. ते तसेच तारांवर उतरवले असते तर बोच्या (गजाच्या) रेट्यात सगळं एकसारखं गुळगुळीत झालं असतं. ग्रीगनं सुरांची धाव बदलून तिला टाप दिली. वाद्य बदललं म्हणून त्यानं नुसतं भाषांतर केलं नाही, विचार पुन्हा केला. हे मी मुलीला स्कोअर उघडून दाखवलं, कारण तिचा स्कोअर वाचताना मला सारखं वाटत होतं की ही कीबोर्डवर बसून लिहिते आणि मग ओळी वाटून टाकते. कॉम्प्युटरमधला व्हायोलिन दमत नाही, त्याला बो संपत नाही, आणि व्हिओला म्हणून तो कधी कंटाळत नाही.

विद्यार्थ्यांच्या हातात ही टाप हमखास बिघडते. वेग वाढला की लांब सूर आखडतो आणि तिन्ही सूर सारखे होतात. एकाला चारच्या हिशेबात दोन-एक-एक असायला हवं, ते एक-एक-एक होतं. तबल्याच्या भाषेत चतस्र जातीची तिस्र जाती होऊन बसते. मेट्रोनोम लावला, हळू केलं, टाळ्या वाजवल्या. हळू असताना बरोबर, वेग आला की पुन्हा तिस्र. तीन रविवार ह्यात गेले. चौथ्या रविवारी एका व्हायोलिनवाल्या मुलीचे आजोबा तिला न्यायला लवकर आले आणि मागच्या बाकावर बसून ऐकत राहिले. ते सतार वाजवतात. मध्यंतरात मला म्हणाले, “अहो, हे ‘दा दिर दा दिर’ आहे. पोरांना बोल म्हणायला लावा की.”

मिझराबीचा एक पूर्ण आघात ‘दा’, तेवढ्याच वेळात येणारे दोन भरभर आघात ‘दिर’. ‘दिर’चे दोन तुकडे मिळून एक ‘दा’, हे नातं बोलातच भरलेलं आहे. इंग्रजी आकडे मोजताना ते विसरता येतं, ‘दा दिर’ म्हणताना विसरायला जीभ तयार होत नाही. वीस मिनिटं वाद्यं खाली ठेवून सगळ्यांनी तोंडानं प्रेल्यूड म्हटलं. मग वाजवलं. एकदम सुटला असं म्हणणार नाही, पण त्या दिवसापासून बिघडला की दुरुस्त करायला शब्द मिळाला. मी स्वतः लहानपणी दोन वर्षं सतार शिकलोय आणि हे मला सुचलं नाही. लाज वाटली ती वाटलीच.

साराबांद आणि गावोत फारसे नडले नाहीत. साराबांदचा वजनाचा ठोका दुसऱ्या मात्रेवर झुकतो आणि गावोत बाराच्या मध्यावर सुरू होतो, एवढं दोन वेळा सांगितलं की पुरे. गावोतच्या पोटात ‘म्यूझेत’ नावाचा तुकडा आहे. म्यूझेत म्हणजे फ्रेंच मशकवाद्य. खाली एकच पोकळ पंचम धरून ठेवायचा आणि वर चाल. हे आमच्या मुलांना समजावावंच लागलं नाही. चेलोंनी सा-प लावला, सगळे आपोआप सुरात आले. आमच्या वृंदानं त्या वर्षी सगळ्यांत सुरेल वाजवलेला तुकडा बहुधा हाच.

एअर मात्र वेगळा. जी मायनरमधला, संथ, सगळ्यांत लांब. बाखचा सुप्रसिद्ध एअर त्याच्या पाठीमागं उभा आहे हे ऐकताच कळतं. पण खालच्या वाद्यांच्या सारख्या धडधडीवर चाल जशी चढत जाते, मग चेलोंकडं जाते, ते १७००च्या आसपासच्या कुणी लिहिलं नसतं. इथं ग्रीगचा टोप घसरतो आणि त्याचे स्वतःचे केस दिसतात. एकदा वाजवून झाल्यावर स्कोअरवाली मुलगी म्हणाली, “सर, हे होल्बर्गसाठी नाहीये. हे त्याचं स्वतःचं आहे.” बरोबर होतं. आणि मग थोड्या वेळानं: “म्हणजे चार भाग काळ, एक भाग आपण?” एवढ्या नेटक्या हिशेबानं कुणी लिहीत नाही, पण मी तिला अडवलं नाही.

इथं थोडं विषयांतर. मुलांपैकी कुणीतरी विचारलं की होल्बर्गच्या वेळी आपल्याकडं काय चाललं होतं. ‘आपल्याकडं’ म्हणजे शिवाजी महाराजांच्या नंतरची धामधूम, हे त्यांना माहीत होतं. मी त्यांना तंजावर सांगितलं. १६८४ साली, म्हणजे होल्बर्गच्या जन्मवर्षीच, तिथं व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे गादीवर आले. ह्या राजानं मराठीत नाटकं लिहिली; तिकडं होल्बर्गची नाटकं यायला अजून अवकाश होता. आणि तंजावरच्या जवळच, समुद्रकाठी तरंगमबाडीला, डॅनिश लोकांचा किल्ला होता, १६२० साली बांधलेला. होल्बर्गच्या राजाचा झेंडा तिथं फडकत होता. त्याच डॅनिश मिशनमध्ये होल्बर्ग हयात असताना, १७५० साली, श्वार्ट्झ नावाचा जर्मन पाद्री उतरला. पुढं तो तंजावरच्या सरफोजी राजांचा शिक्षक झाला, आणि ह्याच सरफोजींनी आपल्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड ठेवला. एका मराठी राजाच्या वाड्यात पाश्चात्त्य वाद्यं वाजण्यामागं कोपनहेगनची ही एक बारीकशी वाट आहे. ह्यातून सिद्ध काहीच होत नाही. पण आमच्या मुलीनं त्या दिवशी वहीत काहीतरी लिहून घेतलं, ते मी पाहिलं.

सप्टेंबरअखेर ती दुसरा मसुदा घेऊन आली. बावीस पानांची नऊ झाली होती. अकरा पाट्या गेल्या होत्या. भाग तीनच, मराठी पद्याच्या तीन जुन्या साच्यांचे: साकी, दिंडी, ओवी. नाव ‘आनंदीबाईंच्या काळातून’. शीर्षक सरळ ग्रीगच्या खिशातून उचललेलं, आणि तसं तिनं पहिल्या पानावर लिहिलंही होतं.

तिचा तर्क असा. आनंदीबाईंचा जन्म १८६५चा. १८८३च्या एप्रिलात त्या कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या. १८८६च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. बर्गनमध्ये ग्रीगचा कँटाटा गायला गेला त्या डिसेंबरात त्या फिलाडेल्फियात शिकत होत्या. म्हणजे १८८४ साली इथं कसल्या साच्यांतलं संगीत कानावर पडत होतं? १८८०च्या ऑक्टोबरात पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं होतं, दोन वर्षांनी ‘सौभद्र’. त्यांत साक्या आहेत, दिंड्या आहेत. साराबांद म्हटल्यावर १७००च्या युरोपी कानाला जशी एक चाल, एक वजन आठवायचं, तसं साकी म्हटलं की त्या वेळच्या मराठी कानाला आठवायचं. आणि ओवी तर नाटकाच्याही आधीपासून घराघरांत.

मी शंका काढली. आनंदीबाईंनी ही नाटकं पाहिली असतील ह्याला आधार काय? ती म्हणाली, “होल्बर्ग गावोत नाचला ह्याला तरी काय आधार आहे, सर?” मी गप्प बसलो.

पण मसुदा वाजवला तेव्हा पहिल्या दमात तो फसलाच. साकी अठ्ठावीस मात्रांची, सोळाव्या मात्रेवर थांबा. चार मात्रांच्या बारांत लिहिलं की सात बार होतात. चार किंवा आठ बारांच्या वाक्यांवर वाढलेली आमची पोरं सातव्या बारानंतर ठरून आठवा वाजवायला निघायची, एक बार हवेत. शिवाय तिनं साकीखाली दर मात्रेला एक कॉर्ड (एकदम वाजणारे तीनचार सूर) बसवला होता, आणि ऐकू आलं ते शाळेच्या प्रार्थनेतल्या पेटीसारखं. दिंडीची तऱ्हा त्याहून अवघड. एकोणीस मात्रा, नऊ आणि दहा अशा मोडलेल्या. एक बार नऊचा आणि एक दहाचा असं लिहिलेलं पाहून पहिल्या व्हायोलिनच्या मुख्य मुलानं स्टँडच खाली केला.

ह्यावर दोन उपाय झाले आणि दोन्ही ग्रीगकडूनच मिळाले. कॉर्ड काढून टाकले आणि साकीखाली म्यूझेतसारखा पोकळ पंचम ठेवला, चेलोंवर. त्यावर व्हिओलांची एक दुसरी चाल, साकी जिथं श्वास घेते तिथं बोलणारी. तीन व्हिओलांना आयुष्यात पहिल्यांदा वाजवायला काहीतरी मिळालं. चित्र काढणाऱ्या मुलानं पुढच्या रविवारी स्वतःहून आपला पार्ट पाठ करून आणला. आणि दिंडीसाठी बार मोजणं आम्ही सोडूनच दिलं. आधी दिंडी सगळ्यांनी गायली, शब्दांसकट. शब्द तोंडात बसल्यावर नऊ आणि दहा कुणी मोजले नाहीत. ‘दा दिर’वरून तिनं हे उचललं होतं. मी फक्त सूर लावून दिला.

कच्चे दुवे राहिलेच. साकीतला पंचम आमच्या पाच चेलोंवर पातळ वाटतो. तिथं डबल बास हवा. दिंडीचा मधला भाग तिनं वेगात जायला लावलाय तो का, हे तिलाही नीट सांगता येत नाही. आणि तिन्ही भाग एकाच षड्जावर आहेत, त्यामुळं माळेत ऊन-सावली कमी पडते. ग्रीगही पाचपैकी चार भाग जी मेजरमध्येच ठेवतो, पण मधे म्यूझेत सी मेजरमध्ये जातो आणि एअर जी मायनरमध्ये. हे मी तिला सांगितलंय. तिचं म्हणणं, षड्ज हलवला तर ते आपलं राहत नाही. ह्या मुद्द्यावर आमचं अजून जमलेलं नाही.

डिसेंबरच्या कार्यक्रमात होल्बर्गचे चार भाग वाजले. रिगोदाँ गाळावा लागला. त्यात एक व्हायोलिन आणि एक व्हिओला पुढं येऊन जत्रेतल्या वादकांसारखे भिडतात आणि बाकीचे बोटांनी तारा छेडतात, पण आमच्या व्हायोलिनवाल्याची सहामाही त्याच आठवड्यात आली. प्रेल्यूड मधे एकदा तिस्रात घसरला आणि दोन बारांत परत आला. परतताना मागच्या रांगेतून कुणाचे तरी ओठ ‘दा दिर’ म्हणताना मला दिसले.

मग तिचा सूट. शेवटचा भाग ओवी. ग्रंथांतल्या ओवीचे तीन चरण यमकानं बांधलेले असतात आणि चौथा आखूड, यमकाबाहेरचा, साडेतीन चरण. तिनं संगीतातही तेच केलं: तीन वाक्यं एका सुरावर येऊन टेकणारी, आणि चौथं अर्ध्यातच थांबणारं, दुसऱ्या व्हायोलिनांच्या एका उघड्या तारेवर. तालमीच्या वेळी मी म्हटलं होतं की लोकांना कळणार नाही संपलं म्हणून, शेवटी एक जी मेजरचा कॉर्ड घाल, हळू, फक्त घर दाखवण्यापुरता. सगळ्या पार्टांवर तो मी पेन्सिलनं लिहूनही टाकला होता. ती म्हणाली, “सर, ओवी तिथंच संपते.”

कार्यक्रमात ती उघडी तार थांबली आणि सभागृहात कुणीच टाळी वाजवली नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी हात वर धरून उभा होतो आणि माझ्या स्कोअरवरचा तो कॉर्ड बघत होतो. पार्टांवरचे एकवीसही कॉर्ड तिनं आदल्या रात्री खोडरबरनं खोडले होते. माझ्या स्कोअरवरचा राहिला होता.